अमावस्येच्या आधीची कामं: व्हन्नामेईची कात आणि तलावाचं पाणी

अमावस्या किंवा पौर्णिमा जवळ आली की व्हन्नामेई जातीच्या कोळंबीच्या तलावांवर दोन प्रकारची घाई सुरू होते. कुणी दुकानातून ‘मोल्टिंग’साठी, म्हणजे जुनं कवच (कात) टाकण्यासाठी, म्हणून मिळणारी मिनरलची पुडी आणून पाण्यात टाकतं. कुणी खाडीला उधाण आहे तर घ्या म्हणून एका भरतीत तलावाचं पाव पाणी बदलतं. कोळंबीने एकदम कात टाकावी आणि वजन वाढावं, ही दोघांचीही इच्छा. पण खाणंपिणं आणि पाणी ठीक असेल तर कोळंबी वेळ झाली की कात टाकतेच. नुकसान होतं ते पुढच्या दीड-दोन दिवसांत, कवच घट्ट व्हायच्या आधी. त्यामुळे कामाची खरी वेळ अमावस्येच्या चार-पाच दिवस आधीची. अमावस्येच्या रात्री करण्यासारखं फार थोडं उरतं.

आधी वेळेचं गणित. पाणी 28 अंशांच्या आसपास असेल तर 1 ते 5 ग्रॅमची कोळंबी दर 4 ते 6 दिवसांनी कात टाकते. 15 ग्रॅमच्या पुढे हे अंतर साधारण दोन आठवड्यांचं होतं. म्हणजे बीज (कोळंबीची पिल्लं) सोडल्यावर पहिल्या महिन्यात तिथी बघण्यात अर्थ नाही, तलावात रोज कुणी ना कुणी कात टाकतच असतं. कोळंबी 10-12 ग्रॅमची झाली की तिचं चक्र पंधरवड्याच्या जवळ येतं आणि मग अमावस्या-पौर्णिमेच्या आजूबाजूला एकाच वेळी बऱ्याच कोळंब्या मऊ सापडू लागतात. यात चंद्राचा हात किती आणि उधाणाला आपण बदललेल्या पाण्याचा किती, हे आपल्याकडच्या तलावांवर वेगळं काढणं कठीण आहे, कारण खाडीचं पाणी आपण घेतो तेच मुळी उधाणाला. भांगाच्या, म्हणजे सप्तमी-अष्टमीच्या सुमाराच्या कमी उंचीच्या भरतीत ते पुरेसं चढत नाही. खारटपणा, तापमान किंवा पीएच अचानक बदलला की कात टाकायची तयारी झालेल्या कोळंब्या एकदम कात टाकतात, एवढं मात्र नक्की.

शरीरात काय चालतं हेही थोडक्यात सांगायला हवं, कारण खाद्याचा प्रश्न तिथे येऊन मिळतो. डोळ्याच्या देठात कात रोखून धरणारं एक संप्रेरक तयार होतं. ते कमी झालं की दुसऱ्या ग्रंथीतून कात टाकायला लावणारं संप्रेरक वाढतं. हे दुसरं संप्रेरक कोलेस्टेरॉलपासून बनतं आणि कोळंबीला स्वतःच्या शरीरात कोलेस्टेरॉल तयार करता येत नाही. ते खाद्यातूनच यावं लागतं. ओल लागलेलं, खवट झालेलं खाद्य स्वस्तात मिळालं म्हणून घातलं की कात लांबते किंवा अर्ध्यावर अडकते, त्यामागे हेही एक कारण असतं. खाद्याच्या गोणी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवा आणि पावसाळ्यात फोडलेली गोण दोन-तीन दिवसांत संपवा.

कात जवळ आली आहे हे शेपटीवर दिसतं. चेक ट्रेमधली (खाद्य उरतं का ते पाहायला पाण्यात ठेवलेल्या ट्रेमधली) एक कोळंबी ओल्या हातात धरा, शेपटीचा पंखा उघडा आणि उजेडाकडे धरून भिंगातून त्याची कड पाहा. एरवी रंगाचे कण आणि आतली कातडी अगदी काठापर्यंत पोचलेली असतात. कात जवळ आली की आतली कातडी काठापासून आत सरकते आणि कडेला एक पारदर्शक पट्टी दिसू लागते. वीसपैकी आठ-दहा कोळंब्यांत ही पट्टी दिसली तर एक-दोन रात्रींत मोठी कात येणार असं समजून चला. पंचांगापेक्षा हे भिंग जास्त भरवशाचं आहे. प्रत्यक्ष कात टाकणं काही मिनिटांत आटोपतं. डोक्याचं कवच आणि पोटाचा पहिला खंड यांच्यामधला सांधा उकलतो, कोळंबी तिथून एक-दोन झटक्यांत बाहेर पडते आणि अंगात पाणी भरून घेऊन फुगते. लहान कोळंबीचं नवं कवच काही तासांत घट्ट होतं, मोठ्या कोळंबीला दीड-दोन दिवस लागतात.

हे फुगणं लक्षात ठेवा. मोठ्या कातीच्या दुसऱ्या दिवशी पाग (फेकायचं जाळं) टाकून वजन काढलं तर ते छान वाढलेलं दिसतं, पण त्यातली बरीच वाढ पाण्याची असते. मांस पुढच्या आठवड्यात भरतं. त्या आकड्यावर खाद्य वाढवलं की ट्रेमध्ये उरतं आणि तळाशी कुजतं. वजन कातीनंतर पाच-सहा दिवसांनी घ्यावं आणि दर वेळी त्याच अंतराने घ्यावं, म्हणजे दोन आकड्यांची तुलना करता येते.

कवच कशाने घट्ट होतं?

कायटिन आणि प्रथिनांच्या जाळीत कॅल्शियम कार्बोनेट बसलं की कवच घट्ट होतं. समुद्री कोळंबीकडे कॅल्शियमचा साठा फारसा नसतो, ती ते मुख्यतः पाण्यातून घेते. हे ऐकून बहुतेक जण कॅल्शियमच्या मागे लागतात. पण समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे 400 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 1,300 मिलिग्रॅम मॅग्नेशियम असतं. खाडीचं पाणी गोड्या पाण्याने पातळ होऊन 10 पीपीटीवर (हजार भागांत 10 भाग क्षार) आलं तरी त्यात साधारण 115 मिलिग्रॅम कॅल्शियम, 390 मिलिग्रॅम मॅग्नेशियम आणि 105 मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असायला हवं. खाडीवरच्या तलावात कॅल्शियम कमी पडण्याची वेळ क्वचित येते. कमी पडतो तो जोडीचा बायकार्बोनेट, म्हणजे अल्कलिनिटी, पीएच स्थिर ठेवायची पाण्याची ताकद.

अल्कलिनिटी हंगामात खाली का येते? खाद्यातल्या प्रथिनांचा अमोनिया होतो आणि जिवाणू त्याचं नायट्रेट करताना 1 मिलिग्रॅम नायट्रोजनमागे सुमारे 7 मिलिग्रॅम अल्कलिनिटी खातात. शिवाय लाखभर कोळंब्या दर पंधरवड्याला नवं कवच बांधतात, तेही यातूनच. म्हणजे साठाव्या दिवसानंतर, खाद्य सगळ्यात जास्त जातं तेव्हा, अल्कलिनिटी सगळ्यात वेगाने घसरते, आणि नेमक्या त्याच काळात बरेच जण मोजणं सोडून देतात. आठवड्यातून दोनदा मोजा. लिटरला 120 मिलिग्रॅमच्या वर ठेवायचा प्रयत्न करा, 100 च्या खाली उतरली तर वाट पाहू नका.

हिशेब सोपा आहे. अर्ध्या हेक्टरच्या तलावात 1.2 मीटर पाणी म्हणजे 6,000 घनमीटर. या पाण्यात कुठलीही गोष्ट लिटरला 1 मिलिग्रॅमने वाढवायची तर ती 6 किलो विरघळावी लागते. खाण्याच्या सोड्याने, म्हणजे सोडियम बायकार्बोनेटने, अल्कलिनिटी 1 मिलिग्रॅमने वाढवायला 1.68 मिलिग्रॅम सोडा लागतो. 100 वरून 120 वर न्यायचं तर 20 गुणिले 1.68 गुणिले 6, म्हणजे सुमारे 200 किलो. हे दोन-तीन दिवसांत विभागून, पाण्यात विरघळवून, एरेटरच्या (पाण्यात हवा मिसळणाऱ्या यंत्राच्या) प्रवाहात सोडा. सोडा महाग पडतो, पण कातीच्या तोंडावर लगेच लागू होणारं तेवढंच एक आहे.

शेतीचा चुना आणि डोलोमाइट स्वस्त असतात, काम हळू करतात. पाण्याचा पीएच 8.3 च्या वर असेल तर ते जवळजवळ विरघळतच नाहीत, तळाशी पांढरा थर होऊन बसतात. म्हणून ते आठवडाभर आधीपासून थोडे थोडे आणि रात्री घालावेत, कारण तेव्हा पाण्यात कार्बन डायऑक्साइड जास्त असतो आणि पीएच खाली असतो. विरी गेलेला चुना मात्र कोळंबी असलेल्या तलावात दिवसा टाकू नका. पीएच झटकन चढतो आणि अमोनिया विषारी होतो: 30 अंशांच्या पाण्यात पीएच 8 असताना एकूण अमोनियातला 6-7 टक्के भाग विषारी रूपात असतो, 9 ला तो 40 टक्क्यांच्या आसपास जातो. मऊ कोळंबीला हा झटका सगळ्यात आधी लागतो.

आता मिनरलच्या पुड्या. 10 किलोची पुडी 6,000 घनमीटर पाण्यात टाकली तर ती सगळीच्या सगळी शुद्ध खनिज आहे असं धरलं तरी लिटरला पावणेदोन मिलिग्रॅमच्या आत भर पडते. पाण्यात आधीच 390 मिलिग्रॅम मॅग्नेशियम असताना हा खर्च कशासाठी? आणि मॅग्नेशियम खरोखर कमी असेल तर पुडीने भागणार नाही. मॅग्नेशियम क्लोराइडमध्ये मॅग्नेशियम जेमतेम 12 टक्के, तेव्हा 50 मिलिग्रॅम वाढवायला याच तलावाला अडीच टन लागेल. पोटॅशियमचं गणित त्यातल्या त्यात परवडतं. पोटॅशच्या खतात, म्हणजे एमओपीत, निम्मं पोटॅशियम असतं, 20 मिलिग्रॅम वाढवायला 240 किलो पुरतं. शेपटी वाकडी होऊन ताठरणं, हातात घेतल्यावर पोटाचे स्नायू पांढरे पडणं, ही पोटॅशियम-मॅग्नेशियम कमी असल्याची चिन्हं असू शकतात. अशा वेळी पाणी प्रयोगशाळेत तपासा आणि मग खरेदी करा. खाडी जवळ असलेल्या शेतकऱ्याला सगळ्यात स्वस्त मिनरल म्हणजे चांगल्या खारटपणाचं, गाळून आणि क्लोरीन मारून ठेवलेलं साठवण तलावाचं पाणी.

हरियाणा-पंजाबच्या खाऱ्या भूजलावर कोळंबी करणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. तिथल्या पाण्यात कॅल्शियम भरपूर आणि पोटॅशियम फारच कमी असतं, त्यामुळे पोटॅश घातल्याशिवाय पीक येतच नाही. वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेचं रोहतकजवळ लाहलीला याच कामाचं केंद्र आहे. तिकडची शिफारस वाचून कोकणच्या खाडीकाठी पोत्याने पोटॅश ओतू नका.

तिथीनुसार कामं

एकादशीला अल्कलिनिटी, पीएच आणि अमोनिया मोजा. पीएच सकाळी सहाला आणि दुपारी तीनला असा दोनदा, फरक 0.5 च्या आत हवा. फरक जास्त असेल तर पाणी फार हिरवं झालं आहे किंवा अल्कलिनिटी कमी आहे. द्वादशी-त्रयोदशीला सोडा घाला आणि शेपट्या तपासा. पाणी बदलायचं असेल तर तेही याच दिवसांत, साठवण तलावातून, दिवसाला 10 टक्क्यांच्या आत. चतुर्दशीपासून द्वितीयेपर्यंत पाण्याला हात लावू नका. जंतुनाशक, चुना, तळ ढवळणं, पाग टाकणं सगळं बंद.

रात्री दहा ते पहाटे सहा सगळे एरेटर चालू हवेत. बहुतेक कोळंबी रात्री कात टाकते, त्या वेळी तिची ऑक्सिजनची गरज वाढते, आणि नेमकं पहाटे पाण्यात ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. मीटरची दांडी पृष्ठभागाजवळ बुडवून आकडा घेऊ नका, तळापासून वीतभर वर घ्या, मऊ कोळंबी तिथेच पडून असते. तिथे 4 मिलिग्रॅमच्या खाली आकडा जाता कामा नये, त्याखाली मऊ कोळंबी धोक्यात येते. क्षमतेचा अंदाज असा: चौरस मीटरला 50 बीज सोडलं, 80 टक्के जगलं आणि कोळंबी 15 ग्रॅमची झाली तर अर्ध्या हेक्टरात 3 टन कोळंबी आहे. 500 किलोला 1 एचपी धरलं तर 6 एचपी कमीत कमी, आणि कातीच्या रात्रींसाठी वर एक-दोन एचपी. 20 ग्रॅमला हीच कोळंबी 4 टन होते, तेव्हा सुरुवातीला लावलेले एरेटर पुरत नाहीत. जनरेटर चतुर्दशीच्या दुपारी अर्धा तास लोडवर चालवून पाहा. नुसता सुरू होतो का एवढं बघून उपयोग नाही.

खाद्य चतुर्दशीपासून 20 ते 30 टक्के कमी करा. कात टाकायच्या आधी कोळंबी खाणं सोडते आणि टाकल्यावर तोंडाचे अवयव घट्ट होईपर्यंत तिला खाता येत नाही. सगळ्या कोळंब्या एकाच रात्री कात टाकत नाहीत, हे तीन-चार दिवस चालतं, म्हणून खाद्य पूर्ण बंद करू नये. उपाशी घट्ट कोळंबी शेजारच्या मऊ कोळंबीला खाते. व्हन्नामेई टायगर कोळंबीपेक्षा मवाळ, तरी दाट तलावात हे होतंच. ट्रेमध्ये दोन तासांनी खाद्य उरलं तर पुढच्या वेळचं आणखी कमी करा. तृतीयेपासून ट्रे रिकामे दिसू लागले की दोन-तीन दिवसांत पूर्वीच्या मापावर या, आणि त्यानंतरचा आठवडा हात आखडू नका, मांस तेव्हाच भरतं.

वारा ज्या बाजूला वाहतो त्या बाजूच्या कोपऱ्यात सकाळी काती जमतात. त्या जाळीने काढून टाका, कुजल्या की त्यावर व्हिब्रिओ हा रोगकारक जिवाणू पोसतो. काढताना पाहा: रिकामी, काचेसारखी कात असेल तर ठीक. आत कोळंबी अडकून मेलेली असेल, विशेषतः डोक्याचं कवच अर्धवट निघून कल्ल्याशी चिकटलेलं, तर कात टाकताना तिची ताकद किंवा ऑक्सिजन संपला. कारण बहुधा त्या पहाटेच्या ऑक्सिजनमध्ये किंवा अमोनियात सापडतं.

मृगाचा पाऊस

उन्हाळी पीक जूनमध्ये गेलं की तिथीचं वेळापत्रक कोलमडतं. 100 मिलिमीटर पावसाने 1.2 मीटर खोल तलावाचा खारटपणा 15 वरून साधारण 14 वर येतो. एवढ्याने कोळंबी मरत नाही. पण गोडं पाणी वर तरंगतं, खालचं खारं पाणी हवेपासून तुटतं, ढगांमुळे शेवाळ ऑक्सिजन बनवत नाही, आणि बांधाच्या लाल मातीवरून आलेलं आम्लधर्मी पाणी काठाने उतरतं. त्यातच गारव्याने आणि बदलाने मोठी कात येते. मऊ कोळंबी, खाली ऑक्सिजन नाही आणि वीज गेलेली, अशी एका रात्रीत तिन्ही संकटं येतात. म्हणून पाऊस सुरू होताच मोरीच्या (तलावाच्या पाण्याच्या दाराच्या) वरच्या फळ्या काढून वरचं गोडं पाणी जाऊ द्या, एरेटर दिवसाही चालू ठेवून थर मोडा, बांधाच्या कडेने आधीच शेतीचा चुना पसरून ठेवा आणि पाऊस चालू असेपर्यंत खाद्य निम्मं करा. चार दिवसांत 600 मिलिमीटर झाला तर खारटपणा 15 चा 10 वर किंवा त्याखाली जातो, अल्कलिनिटीही त्याच प्रमाणात, आणि पाऊस उघडल्यावर सोड्याचा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

मऊपणा जात नसेल तर

दोन दिवसांत घट्ट होणारी कोळंबी निरोगी. चौथ्या-पाचव्या दिवशीही ट्रेमधल्या त्याच प्रमाणात कोळंब्या मऊ असतील तर तो कातीचा मऊपणा राहिला नाही. अल्कलिनिटी ठीक असेल तर खाद्य कमी पडतंय का, घनता जास्त झाली आहे का, तळ काळा आणि वासाचा झाला आहे का, आणि आजूबाजूच्या शेतातून कीटकनाशक आलं आहे का, हे या क्रमाने पाहा. कवच आणि मांस यांच्यात पोकळी जाणवत असेल आणि यकृतग्रंथी आकसलेली, फिकट दिसत असेल तर सैल कवचाचा रोग असण्याची शक्यता आहे. वाढ खुंटली, आकार लहान-मोठा झाला आणि पांढरी विष्ठा तरंगताना दिसली तर ईएचपी या सूक्ष्म परजीवीसाठी पीसीआर तपासणी करून घ्या. या दोन्हींत मिनरल ओतून काही होत नाही.

उलट टोकाचा प्रश्न म्हणजे कातच न पडणं. कवच खरखरीत, हिरवट-तपकिरी, हाताला मळ लागल्यासारखं दिसतं, त्यावर झूथॅम्नियम हा एकपेशीय जीव किंवा शेवाळ बसलेलं असतं. चहाच्या बियांची पेंड लिटरला 10 ते 15 मिलिग्रॅम, म्हणजे आपल्या तलावाला 60 ते 90 किलो, रात्रभर भिजवून तिचं पाणी फिरवलं की अशी कोळंबी कात टाकते. पण कात लांबली ती तळ घाण झाला म्हणून किंवा खायला कमी पडलं म्हणून. तळ आणि खाद्य आधी नीट करा, पहाटेचा ऑक्सिजन 5 च्या आसपास राहतोय याची खात्री करा आणि मगच पेंड वापरा. आजारी कोळंबीला जबरदस्तीने कात टाकायला लावली की पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूला दार उघडून दिल्यासारखं होतं.

काढणीची तिथी

मऊ माल कारखान्यात वेगळा काढतात आणि भाव तोडतात. काढणीच्या आदल्या दिवशी तलावाच्या चार बाजूंनी पाग टाकून 100 कोळंब्या घ्या, प्रत्येकीच्या डोक्याच्या बाजूचं कवच चिमटीत दाबा. पाचपेक्षा जास्त मऊ निघाल्या तर तीन दिवस थांबा. काढणीच्या आधीच्या आठवड्यात पेंड नको, मोठं पाणी बदलणं नको.

कवचासाठी सगळ्यात चांगले दिवस सप्तमी-अष्टमीचे. पण तेव्हा भांग असतो, ओहोटीलाही खाडीची पातळी पुरती उतरत नाही, आणि तलाव मोरीने रिकामा होत नाही. शेवटचं हातभर पाणी तसंच राहतं, मजूर चिखलात उतरतात, कोळंबी गाळात दबते. म्हणून ज्यांच्याकडे पाणी उपसायला मोठा पंप नाही त्यांनी चतुर्थी-पंचमी धरावी. तोवर बहुतेक माल घट्ट झालेला असतो आणि ओहोटी अजून बऱ्यापैकी खोल लागते. पाणी उतरवायला मध्यरात्रीनंतर सुरुवात करा, जाळ्यातली कोळंबी थेट बर्फाच्या पाण्यात टाका, आणि उन्हं चढायच्या आत गाडी भरा.